टीपॉयवरचा वड

प्रिय प्रेरणा,

प्रिय लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिलं. पत्राची दुसरी सुरुवात मला येत नाही, नाहीतर तीच केली असती. शाळेत शिकले तशी भाषा काढून लिहिते आहे, पण मध्येच डोकं फिरलं की आपली नांदुऱ्याची निघेल, तेवढी वाचून घे. तुझी खुशाली विचारत नाही. तू खामगावात नर्सरीवर कामाला आहेस, खोली करून राहतेस, तब्येत बरी आहे, हे मला माहीत आहे. कसं माहीत ते पुढं येईल. आमची खुशाली तू दोन वर्षांत एकदाही विचारली नाहीस, म्हणून तीही लिहीत नाही.

मुद्द्याचं आधी सांगते. तुझं ते वडाचं बोन्साय मरायला टेकलं होतं. अजून एक बाजू वाळलेलीच आहे, दुसऱ्या बाजूनं जीव धरलाय. तो किती दिवस धरेल ते आता तुझ्यावर आहे. मी हात टेकले. ज्याला त्याला वाटतं पुष्पाबाई रिकामी आहे, तिच्या गळ्यात टाका. झाड तुझं, हौस तुझी, विहिरीच्या कठड्यातून रोप उपटून आणलं तू, सहा वर्षं त्याच्या मुळ्या कापत बसलीस तू, आणि निस्तरायला मी! जाताना निदान एवढं तरी सांगायचं होतं, की आई, याला पाणी किती घालायचं. होळीच्या दुसऱ्या दिवशी एक पिशवी घेऊन दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, मलकापूरला आईकडं जाऊन येते, दोन दिवसांनी येते. मी डब्यात तुझ्या आईसाठी पुरणपोळ्या दिल्या. तुपाचं भांडं वेगळं बांधून दिलं. तू ते घेतलंस, खाली बघून घेतलंस आणि गेलीस. डबा अजून तुझ्याकडंच आहे.

कशासाठी गेलीस, तर आमच्या पोरानं, हर्षलनं तुझी एक कुंडी गच्चीवरून खाली टाकली म्हणून. पाहुणे आले होते, त्यांच्यातल्या कोणाचा तरी पाय लागला, सगळे हसले, आणि यानं उचलली कुंडी आणि दिली भिरकावून. बोगनवेल होती ती. मी तेव्हाही म्हटलं होतं, एका कुंडीसाठी एवढं काय? सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तू ऐकलं होतंस. तू खाली जाऊन रस्त्यावरची माती गोळा करत बसलीस. मला वाटलं झालं, संपलं. भांडली असतीस, ताट आपटलं असतंस तर मला कळलं असतं. न बोलणाऱ्या माणसाचा मला आधीपासून वैताग आहे. मनात काय चाललंय ते बाकीच्यांनी काय पोथी लावून ओळखायचं?

तर झाड. तू येणार म्हणून मी ते गच्चीवरून खाली आणलं, उन्हात करपू नये म्हणून. आपल्याकडचा मे महिना तुला माहीत आहे, माणूस वाळून जातो. हॉलमध्ये टीपॉयवर ठेवलं, कूलरच्या पुढ्यात. मला वाटलं गार राहील. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायची. ते पाणी खालच्या भोकांतून गळून टीपॉयवर पांढरे डाग पडायला लागले, म्हणून मी भोकांत कापडाचे बोळे कोंबले. हसू नको. मले काय माहीत वं भोकं कायले असतात ते? मला वाटलं कुंभाराकडून राहिली असतील. पंधरा दिवसांत पानं गळायला लागली. मी पाणी वाढवलं.

मग वटपौर्णिमा आली. तुला जाऊन तीन महिने होत आले होते. हर्षल म्हणायचा, येईल झक मारत. मी दोनदा तुझ्या आईच्या फोनवर फोन लावला, तू आली नाहीस फोनवर. गल्लीत लोक विचारायला लागले होते. सिंधूताई, ती समोरची, तिला तर दुसऱ्याच्या घरातलं मीठ कमी आहे तेही बाहेरून कळतं. ती म्हणाली, घरातच वड हाय तं उन्हात कायले मरायचं? बाकीच्या बायांनाही पटलं. स्टेशनकडच्या वडापाशी गर्दी किती, ऊन किती, आणि इथं पंखा, कूलर, वर माझा चहा. आल्या सगळ्या नऊवारी-सहावारी नेसून, नथी घालून. टीपॉयभोवती फेरे मारताना सोफ्याचा कोपरा प्रत्येकीच्या गुडघ्याला लागत होता. एक पुढं गेली की दुसरी अडकायची. सूत गुंडाळलं, हळद-कुंकू वाहिलं, दूध घातलं, पाणी घातलं, फणसाचा गरा मुळाशी ठेवला. वीतभर खोड ते, एवढ्या बायांच्या नवऱ्यांची सात जन्मांची सोय त्याच्यावर. शेवटी खोड दिसेनासं झालं, नुसतं सुताचं बंडल दिसत होतं.

आणि ऐक, सगळ्या गेल्यावर मी एकटीनं आणखी सात फेरे घातले. ते माझ्या नावचे नव्हते, तुझ्या नावानं घातले. तुझ्या झाडाला, तुझ्या वतीनं, हर्षलसाठी. तू परत यावीस म्हणून. सोफा सरकवला आणि घातले. दोरा सगळ्यात घट्ट मीच ओढला असेल.

तू आली नाहीस, वकिलाची नोटीस आली.

त्यानंतर झाड पिवळं पडलं. श्रावणात एकेक पान नुसतं हात लावलं की गळायचं. हे म्हणाले, माती निकस झाली, मी पाहतो. तुझ्या सासऱ्यांना तू ओळखतेस, त्यांना जगातला प्रत्येक आजार पऱ्हाटीचाच वाटतो. शेतातून काळीशार माती घेऊन आले, दाबून दाबून भरली, वरून चिमूटभर युरिया टाकला आणि पंपात उरलेलं कपाशीचं औषध फवारलं. हॉलमध्ये! दोन दिवस घरात जेवण जात नव्हतं कोणाला. मी बोलले तर म्हणतात, पऱ्हाटीले चालते तं याले काऊन नाही चालत? ती काळी माती त्या उथळ कुंडीत वरून तडकली आणि खाली चिखल झाली. वास यायला लागला. हर्षलचं कृषी केंद्र, गावभरचे लोक त्याला पानं आणून दाखवतात आणि हा औषध सांगतो. या झाडाकडं त्यानं एकदा मान वळवून पाहिलं नाही. फेक ते, म्हणाला. मी म्हटलं, फेकायचे हात तुझेच आहेत, पण याला लावून बघ. तेवढं एकदा मी बोलले होते हो, तुझ्या माहितीसाठी.

दिवाळीपर्यंत झाड उघडं झालं. सिंधूताईची सून एका दुपारी माझ्या फोनवर व्हिडिओ लावून देत होती, वडाचं बोन्साय सुकतंय असं ती त्यात बोलली, आणि समोर कोण आलं? तू. नमस्कार, मी प्रेरणा, खामगावहून. हातात कात्री, बोटं मातीनं भरलेली, बांगड्या नाहीत. अवं माय, माझ्या हातातली लाटी तव्यावर पडली. घरात सहा वर्षं तुझ्या तोंडून धड चार वाक्यं निघायची नाहीत, आणि तिथं घडाघडा बोलते आहेस, हसते आहेस, लोकांना सांगते आहेस! एवढं बोलता येत होतं तर घरात काय जीभ गहाण पडली होती? मी फोन पालथा टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. तेव्हापासून रोज पोळ्या लाटताना तुझा आवाज ओट्यावर असतो. तुझे सगळे व्हिडिओ पाहिले आहेत. त्या लिंबाच्या झाडाचा तू चुकीचा फाटा कापलास, तेही मला कळलं.

आता बसून वाच, उभी असशील तर. तुझ्या व्हिडिओखाली एक बाई नेहमी प्रश्न विचारते, रुख्मिणी नांदुरा. ती मी आहे. सिंधूताईच्या सुनेनं विचारलं नाव काय टाकू, तर मी माझ्या मेलेल्या आईचं सांगितलं. माझ्या नावाला तू उत्तर दिलं नसतंस. रुख्मिणीला लगेच दिलंस. ताई, झाड घरात ठेवू नका, ऊन लागू द्या. ताई, कुंडीची भोकं मोकळी आहेत का बघा. ताई, काळ्या मातीत ते गुदमरतं, विटांचा चुरा आणि जाड रेती घाला, शेणखत थोडंच. ताई, काळजी करू नका. बाप्पा, काय तो जिव्हाळा! एका अनोळखी बाईला तू इतकं गोड लिहितेस, आणि ज्या बाईनं तुला टायफॉइडमध्ये महिनाभर पेज पाजली तिला कोर्टात ओळख दाखवली नाहीस. यांच्या पाया पडलीस. मी शेजारीच उभी होते. माझ्या पायांपाशी येऊन सरळ चालत पुढं गेलीस. ते मी विसरले नाही आणि विसरणार नाही.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. बोळे काढले. कुंडी गच्चीवर नेली. तू सांगितलंस, नखानं साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे. मी चार फांद्या खरवडल्या, चारही कोरड्या. पाचवी बुंध्याजवळची, तिथं नख लागल्याबरोबर हिरवं दिसलं. मी तिथंच टाकीला टेकून बसले. मग झाड उपसून सडलेल्या मुळ्या कापल्या. पण एक गोष्ट मी करत नव्हते. ते सूत. वटपौर्णिमेचा दोरा कोणी कापतं का? त्यात यांचा दोरा, सिंधूताईच्या नवऱ्याचा, आणि सगळ्यात घट्ट हर्षलचा. सूत भिजून वाळून, हळद-दूध मुरून काथ्यासारखं झालं होतं आणि सालीत रुतलं होतं. वरची बाजू फुगली, खालची सुकली. रुख्मिणीनं तुला विचारलं, झाडाला पूजेचा दोरा आहे, तो खोडात गेला आहे, तोडला तर पाप लागेल का? तू काय लिहिलंस, आठवतं का तुला? तू लिहिलंस, ताई, आधी कापा. तो कोणासाठी बांधलाय ते झाडाला कळत नाही, त्याला फक्त आवळलेलं कळतं.

मी ते किती वेळा वाचलं कोणास ठाऊक. मला वाटलं तू ओळखलंस. मग वाटलं, नाही, ओळखलं असतं तर उत्तरच दिलं नसतं. संक्रांतीच्या आधी एका दुपारी घरात कोणी नव्हतं, शिवणाची कात्री घेतली आणि कापला. एकेक पदर सोडवला. सालीत खोल वळ राहिलेत, ते तुला दिसतीलच, आता ते जाणार नाहीत. पोटच्या पोराच्या नावचा दोरा मी माझ्या हातानं कापला, वाचते आहेस ना? चार रात्री हर्षलची गाडी दारात लागेपर्यंत माझा डोळा लागत नव्हता. यांना सांगितलं तर हे घाबरले, म्हणतात, माह्याबी आयुष्याचा दोरा त्यातच होता ना वं? दोन भाकरी खाऊन ठणठणीत आहेत अजून. आणि हर्षलला काही झालं नाही. उलट त्याचं लग्न ठरलं.

हो, लग्न. तुला कळलं असेलच, मलकापूरपर्यंत अशा बातम्या बसच्या आधी पोचतात. मागच्या आठवड्यात लागलं. मुलगी मेहकरकडची आहे. तिचा काही दोष नाही, तिच्याबद्दल मी वाकडं लिहिणार नाही. आल्या आल्या गच्चीवर गेली आणि झाडाला बोट लावून म्हणाली, आई, हे खरं आहे का प्लास्टिकचं? मी म्हटलं, खरं आहे, पण विचारू नको कसं. हर्षल तिच्याशी सध्या गोड आहे. तुझ्याशीही पहिलं वर्षभर होता. परवा चहात साखर कमी पडली म्हणून तिला त्यानं ज्या आवाजात हाक मारली, तो आवाज मी ओळखते, तूही ओळखतेस. मी कप त्याच्यापुढून उचलला आणि मोरीत ओतला. तेव्हा का नाही ओतला, असं विचारशील. विचार.

वटपौर्णिमा पुढच्या आठवड्यात आहे. मागच्या वर्षी मी झाड आजारी आहे म्हणून बायांना स्टेशनकडं पिटाळलं होतं. यंदा चैत्रात त्याला लाल लाल कोंब आले, एका बाजूनं का होईना पानं धरली, आणि ती सिंधूताईनं समोरच्या गच्चीवरून बघितली. झालं. तिनं गल्लीत जाहीर करून टाकलं, औंदा पुष्पाबाईच्याच घरी, नवी सून हाय, झाडालेबी पालवी आली, चांगला शकुन हाय. नव्या सुनेच्या आईनं सूत, फळं, हिरव्या बांगड्या, सगळं साहित्य पाठवूनही दिलं. सुताचं ते नवं कोरं रीळ देव्हाऱ्यात ठेवलं आहे. जाता-येता मला दिसतं. आणखी एक वेळा आवळलं तर ते झाड जगणार नाही, हे तू मला सांगायला नको, मीच आता तुला सांगू शकते.

म्हणून हे पत्र. माफी मागायला लिहिलेलं नाही, माफ करायलाही नाही. मला तुझा राग आहे आणि तो राहणार. हर्षलला सोडलंस ते मला कळलं, पहिल्यांदा नाही, पण पुढं कळलं. एका कुंडीसाठी एवढं काय, असं मी आता म्हणत नाही. दोन वर्षं एक कुंडी सांभाळली की ते म्हणता येत नाही. पण तू मला काऊन सोडलं वं? मी काय कुंडी फेकली होती? झाड इथं ठेवून गेलीस, म्हणून मी धरून बसले की ही परत येणार. कोर्टाचा कागद झाला तरी धरून बसले. कोणी घरात माणूस ठेवून जातं तसं तू झाड ठेवून गेलीस, असं मला वाटत राहिलं. आता नाही वाटत. उद्या पहाटे मी घरात सांगणार आहे, झाड मेलं, रात्रीच फेकून दिलं. हर्षल म्हणेल, बरं झालं. सिंधूताई हळहळेल. झाड तेव्हा यांच्या मांडीवर खामगावच्या बसमध्ये असेल. तुझ्या नर्सरीच्या फाटकाशी जो म्हातारा ओल्या गोणपाटात काहीतरी गुंडाळून उभा आहे, तो तुझा सासरा, म्हणजे होता. हे पत्र त्यानंच तुझ्या हातात दिलं असेल. त्यांना ऊन लागलं असेल, बसव. चहा दे, साखर घालू नको, डॉक्टरनं बंद केली आहे, ते खोटं सांगतील. आणि झाड ठेवून घे. त्याच्यावर तुझ्या नावानं घातलेले फेरे मी माझ्या हातानं सोडवले आहेत. त्या खोडाला दुसऱ्या कोणाचा दोरा मी बांधू देणार नाही.

डबा यांच्याबरोबर परत पाठव. रिकामा पाठवलास तरी चालेल. पत्राला उत्तर देऊ नको. सही काय करायची यावर सकाळपासून अडून बसले आहे. सासू लिहिता येत नाही, ते कोर्टानं काढून टाकलं. आई तू म्हणायचीस, ते मी स्वतःहून लिहिणार नाही. मग जिला तू उत्तर देतेस तिचंच नाव लिहिते.

तुझीच,
रुख्मिणी नांदुरा